कायम पड

हद्दीचा दगड सापडला की लगेच पहार घालायची नाही, आधी बुटाच्या टोकाने तो जरा हलवून बघायचा. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला मोजणीचं गणित शिकवण्याआधी हे शिकवलं. दगडाखाली विंचू असतो, कधी फुरसं असतं. पण इंदापूर, करमाळा, कर्जत या पट्ट्यात बहुतेक वेळा काय असतं, तर एक पाल. करंगळीएवढी, सडपातळ, मातकट अंगावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. उजेड पडला की क्षणभर थिजते आणि मग कुसळीच्या बुडख्यात शिरते. भिंतीवरच्या पालीसारखी ती चढत नाही. तिची बोटं बारीक, त्यांवरच्या चिकट पट्ट्या आखूड. खडी आणि मुरुमावरून पळायला तेवढं पुरतं. दिवसभर दगडाखाली, रात्री वाळवी आणि किडे टिपायला बाहेर. पापण्या नाहीत, म्हणून डोळे जिभेने पुसते. अंडी एका वेळी दोन.

भूमी अभिलेख खात्यात मी भूकरमापक म्हणून नोकरी केली आणि त्यातली बरीचशी याच दुष्काळी पट्ट्यात गेली. ही पाल बघून मला विशेष काही वाटत नसे. पुण्याहून आलेल्या एका विद्यार्थ्याला हद्दीचे जुने दगड कुठे आहेत ते हवं होतं. मला वाटलं, जमिनीचा वाद असेल. निघालं भलतंच, त्याला दगड नको होते, दगडाखालचं हवं होतं. त्याने नाव सांगितलं, हेमिडॅक्टिलस ग्रासिलिस, आणि हेही सांगितलं की हिचं पहिलं वर्णन १८७० साली झालं, वऱ्हाडाच्या आग्नेय भागात मिळालेल्या नमुन्यांवरून, आणि ते करणारा माणूस प्राणिशास्त्रज्ञ नव्हताच, भूगर्भशास्त्रज्ञ होता. विल्यम ब्लॅनफर्ड. १८५५ साली हा भारतीय भूगर्भ सर्वेक्षणात रुजू झाला, दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर त्याने अभ्यासले, मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात दगड फोडत हिंडला. दगड फोडणाऱ्यालाच ही पाल सापडायची, यात मला तरी नवल वाटत नाही. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्राण्यांवरची मोठी ग्रंथमाला त्याच्याच संपादनाखाली सुरू झाली. तिच्यातला सरपटणाऱ्या प्राण्यांचा खंड बुलेंजरने १८९० मध्ये लिहिला. त्या ग्रंथमालेत हिला जागा आहे. आमच्या पंचांगात मात्र नाही. पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचा तक्ता आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या छापला जातो. डोक्यावर, खांद्यावर, उजव्या हातावर, डाव्या हातावर. माळावरच्या पालीचं त्यात नाव असण्याचं कारण नाही. ती पडणार कुठून?

तर या पालीच्या निमित्ताने मी माळाचा इतिहास वाचायला लागलो आणि मला माझ्याच खात्याचा इतिहास नव्याने वाचावा लागला.

आधी एक समज निस्तरायला हवा. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, आणि अजून भाषणांत ऐकू येतं, की हे माळ म्हणजे एके काळचं जंगल. माणसाने तोडलं, शेळ्या-मेंढ्यांनी खाल्लं, उरलं ते हे बोडकं. घाटमाथ्याविषयी हे काही प्रमाणात खरं असेल. पावसाच्या सावलीतल्या, वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर पावसाच्या या प्रदेशाविषयी ते मला कधीच पटलं नाही, आणि आता पुरावेही तसेच आहेत. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे स. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली, त्यांतल्या एकावर कोरीव नक्षी आहे. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. शहामृग हा दाट झाडीत राहणारा पक्षी नव्हे, त्याला लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं. शिरूरजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-चौदा वर्षं उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या उकिरड्यात काळविटाची हाडं आहेत. काळवीटही मोकळ्या रानाचाच. अलीकडे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयात, कथागीतांत कोणत्या रानझाडांचे उल्लेख येतात ते तपासलं. दख्खनच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात सापडली ती बहुतेक उघड्या, गवताळ रानातलीच काटेरी झाडं. म्हणजे निदान साडेसातशे वर्षं तरी हा माळ माळच आहे.

पाल त्याच्याही मागे नेते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये या कुळाची वंशावळ मांडली. तिच्यातून निघालं की या पालींचा मोठा गोतावळा भारतातच फुटून वाढला. आपल्या ट्यूबलाइटपाशी टपून बसणारी घरपालसुद्धा त्याच गोतातली. त्यात जमिनीवर राहणाऱ्या पालींची एक शाखा आहे आणि आमची दगडाखालची पाल तिच्यात येते. उघड्या रानात राहणाऱ्या दुसऱ्या एका सरड्याच्या वंशावळीवरून २०१७ मध्ये असाच निष्कर्ष निघाला, की भारतातली गवताळ राने शेतीच्या कितीतरी आधीची, लक्षावधी वर्षं जुनी आहेत. झाड चढणं सोडून मुरुमावर पळणारी बोटं काही माणसाने दोन-चार हजार वर्षांत कुऱ्हाड चालवल्याने तयार होत नाहीत.

इंग्रज आले तेव्हा हे रान भरलेलं होतं. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी १८२४ पासून दख्खनभर फिरला. गावं, पिकं, लोकसंख्या मोजता मोजता त्याने पक्षी आणि जनावरंही मोजली. आज ज्याला आपण भारतीय लांडगा म्हणतो त्याचं शास्त्रीय वर्णन त्याने १८३१ मध्ये केलं ते दख्खनच्या लांडग्यावरूनच. माळढोकाचं काय सांगावं! नगर जिल्ह्यात मॅन्सफील्ड नावाच्या साहेबाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद पक्ष्यांवरच्या पुस्तकांत आहे. एकट्या माणसाने, एका जिल्ह्यात. आज अख्ख्या देशात रानात उरलेले माळढोक दोनशेही नाहीत.

आता मोजणी. मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी जिथे घडली ते गाव म्हणजे आमचं इंदापूर. मोजणी खात्यातल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं, पण दहा जणांना विचारलं तर नऊ जण टाउन प्लॅनिंगपासून सुरुवात करतात. रॉबर्ट प्रिंगल हा तरुण सनदी अधिकारी, हेलीबरीला माल्थसच्या हाताखाली शिकलेला. त्याने ठरवलं की प्रत्येक शेताचा खर्च वजा जाता निव्वळ नफा किती ते काढायचं आणि त्यावर सारा बसवायचा. कागदावर हिशेब चोख होता. १८३० साली इंदापुरात तो लागू झाला आणि दोन-चार वर्षांत गावं ओस पडायला लागली. हलक्या जमिनीवर सारा भारी बसला होता, वर मोजणीतल्या कारकुनांनी लाच खाऊन नोंदी फिरवल्या होत्या. रयत निजामाच्या मुलखात निघून गेली.

ते निस्तरायला १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि त्याच्याबरोबर लेफ्टनंट विंगेट आला. निव्वळ नफ्याची भानगड त्यांनी सोडून दिली. जमिनीची प्रत ठरवायची आणि सारा असा हलका बसवायचा की माणसं परत येऊन पडीक जमीन वाहतील, एवढंच धोरण. पुढे डेव्हिडसन धरून तिघांनी १८४७ मध्ये जो संयुक्त अहवाल लिहिला, त्यावर आमच्या खात्याचा पाया आहे. तेहतीस फुटांची शंकू साखळी, साखळीचे सोळा आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा. मग प्रतबंदी. मातीचे तीन वर्ग: काळी, एकसारख्या पोताची, तांबूस, जरा भरड, आणि करडी, खडीची, भुसभुशीत. शेताचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात पहारीने खोली बघायची आणि हातांत मोजायची. काळी पावणेदोन हात खोल असली तर सोळा आण्यांची पहिली प्रत. तिथून उतरत उतरत दोन आण्यांची नववी प्रत. शिवाय चुनखड, उतार, चोपण असे दोष असले की आणखी एकेक पायरी खाली. नवव्या प्रतीच्याही खाली गेलं, खडक लागला, की पोटखराबा. आकार नाही.

हे सगळं मी हातांनी केलेलं आहे, निदान त्याचे अवशेष तरी. जुन्या प्रतबंदीच्या वह्यांत एकेका चौकोनात कारकुनाने घातलेल्या खुणा बघितल्या की त्या माणसाविषयी आदर वाटतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी भर उन्हात एवढ्या माळावर पहार घालून माती चाचपणारा तो कोण होता कुणास ठाऊक. आणि त्याने चूक काहीच लिहिलेलं नाही. पोटखराबा याचा अर्थ एवढाच, की इथे सारा घ्यायचा नाही. जमीन निकामी आहे असा शेरा त्याने कुठेही मारलेला नाही. वसुलीच्या सोयीसाठी केलेल्या नोंदीला पुढे लोकांनी जमिनीचं स्वभाववर्णन समजून वाचलं, आणि खरी गडबड तिथे झाली.

हलक्या साऱ्याचा परिणाम झाला तो विंगेटला हवा होता तसाच. इंदापुरात माणसं परतली, नांगर माळाच्या कडेकडेने वर चढू लागला. तीस वर्षं सारा वाढणार नाही या हमीवर हलक्या प्रतीच्या जमिनीही लोकांनी फोडल्या. गवताला पहिला धक्का बसला तो तेव्हा. पण विंगेटच्या पद्धतीने जाता जाता पालीची एक सोयही करून ठेवली, असं मला कधी कधी वाटतं. प्रत्येक सर्व्हे नंबरच्या कडेने सरबांध राखायचा, तो नांगरायचा नाही, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर दगड पुरायचा. गावोगावी, मैलोन् मैल, न नांगरलेल्या गवताच्या पट्ट्या आणि त्यांच्यात ठरावीक अंतरावर दगड. आमचे शिपाई माळावर दगड गोळा करत, पुरत, चुना लावत. खाली राहायला कोण येतं याची खात्याला फिकीर नव्हती.

मेंढपाळाची फिकीर तर नव्हतीच. फलटण-बारामती-इंदापूरकडचे धनगर पावसाळ्यात आपल्या माळावर असतात, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात भाताच्या खाचरांत मेंढरं बसवून खताच्या बदल्यात धान्य घेतात. त्यांच्या दृष्टीने माळ पडलेला कधीच नसतो. पवना कुठे, मारवेल कुठे, कुसळीला कुसळं येण्याआधी कुठला उतार चारून घ्यायचा, हे त्यांना आमच्या प्रतबंदीइतकंच बारकाईने माहीत. करमाळ्याकडच्या एका म्हाताऱ्या मेंढक्याने मला साखळी ओढताना बघून विचारलं होतं, "सायब, दगडाच्या अल्याडचं गवत गोड का पल्याडचं, हे तुमच्या कागुदात हाय का?" मी म्हटलं, नाही मामा. तो म्हणाला, "मग मोजता काय?" आणि मेंढरांमागे निघून गेला.

१८७८ चा वन कायदा आला आणि दख्खनमधले पडीक म्हणून राहिलेले नंबर राखीव वनात घालण्याचं काम सुरू झालं. झाडं नव्हती, तरी वन. चराईला पैसे. ज्या सुप्यात १२ मे १८७५ ला सावकारांच्या वह्या जाळून दख्खनचे दंगे सुरू झाले, त्या सुप्याच्या आसपासचा माळ पुढे वनखात्याच्या नकाशात गेला आणि आज तिथे चिंकाऱ्यांसाठीचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, पाचेक चौरस किलोमीटरचं. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा आला, मग बारामती-इंदापूरला ऊस, १९३० च्या दशकात वालचंदनगर. कालव्याच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात मी शिरत नाही.

मला सांगायचंय ते १९४७ च्या कायद्याबद्दल, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. जमिनीचे तुकडे पडू नयेत आणि विखुरलेले तुकडे एकत्र यावेत, म्हणून एकत्रीकरणाचा कायदा झाला. हेतू चांगला. गावोगाव योजना राबवल्या गेल्या, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. चार बारीक नंबरांचा एक गट झाला की मधले बांध कागदावरून गेले, आणि कागदावरून गेले की शेतातूनही गेले. ट्रॅक्टर आला तेव्हा त्याला वळायला जागा हवीच होती. पुढे जेसीबीने राहिलेले सरबांध सपाट केले. दगड उपटून विहिरीच्या कठड्याला लागले, ताल घालायला लागले. मोजणीच्या वादातले निम्मे वाद या हरवलेल्या दगडांचे आहेत, हे मी अनुभवाने सांगतो. आमच्यासाठी तो अडचणीचा विषय होता. त्या विद्यार्थ्याने नकाशावर जुन्या सरबांधांच्या रेघा काढल्या आणि त्याला जिथे जिथे पाली मिळाल्या त्या जागांवर टिंबं दिली. टिंबं होती ती गायरानात, वनाच्या कडेला, आणि उरल्यासुरल्या बांधांवर. सलग नांगरलेल्या गटांत नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळानंतर माळाकडे सरकारचं पुन्हा लक्ष गेलं. पाझर तलाव झाले, त्यांचं भलंच झालं. पण उघडा माळ दिसला की हात शिवशिवायला लागणाऱ्यांची एक पिढी तेव्हा तयार झाली. १९८५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं. विकास म्हणजे झाडं. गिरिपुष्प लावा, ते जनावर खात नाही, तगतं. वेडी बाभूळ तर कुणी लावायचीही गरज नव्हती. झाडाखाली गवत विरळ झालं, सावली पडली, आणि ज्या रानाला लांबवर नजर जायला हवी तिथे ती पन्नास पावलांवर अडू लागली. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावरचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, गावठाणं आणि बाजारपेठांसकट. लोकांना जमिनीचे व्यवहार करणं मुश्किल झालं, माळढोक हा शिव्या द्यायचा पक्षी झाला. शेवटी क्षेत्र कमी करून बाराशे-साडेबाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. एका बाजूला सगळा तालुका अभयारण्य आणि दुसऱ्या बाजूला त्याच माळावर गिरिपुष्पाची रोपं. दोन्ही हुकूम सरकारचेच. जमिनीवर जाऊन पहार मारल्याशिवाय प्रत ठरवायची नाही, हा विंगेटचा नियम दोन्हीकडे कुणाला आठवला नाही.

आता आमच्या खात्यात शंकू साखळी संग्रहालयातली वस्तू झाली आहे. रोव्हर घेऊन पोरं जातात, उपग्रहावरून कोपरा सापडतो, अर्ध्या तासात काम उरकतं. बरं आहे, उन्हात आम्ही जे सोसलं ते त्यांनी सोसावं असं मी म्हणणार नाही. पिकाची नोंदही आता शेतकरी स्वतः मोबाइलवर करतो. मागच्या वर्षी गावी गेलो होतो तेव्हा शेजारच्या तरुण पोराने मला फोन पुढे केला. त्याच्या गटातले सव्वादोन एकर माळ आहे, हिवराची चार-पाच झाडं, तरवड, बाकी कुसळी आणि पवना. मेंढरांसाठी तो ते राखतो आणि श्रावण-भाद्रपदात बसवलेल्या मेंढरांचं खत खालच्या ज्वारीला घेतो.

"काका, इथं काय भरू?"

पर्याय वाचले. चालू पड, कायम पड.

"खत मिळतंय तर पड कसली?" तो म्हणाला.

मी म्हटलं, रकाना तसाच आहे बाबा. त्याने जरा विचार केला, कायम पडवर बोट ठेवलं आणि फोटो काढायला बांधाकडे गेला, कारण फोटो असल्याशिवाय ॲप पुढे सरकत नव्हतं.